मुठीचं मडकं

"मडकं कुठंय?" आईनं विचारलं.

शुभ शुक्रवारची, म्हणजे गुड फ्रायडेची, सकाळ होती. त्या दिवशी आमच्यात दुपार टळेपर्यंत चूल पेटत नाही, त्यामुळे घरात कुणालाच काही काम नव्हतं. बा उंबऱ्यावर बसून चपलेचा तुटलेला अंगठा शिवत होता आणि मी झाडलेलं अंगण उगाच पुन्हा झाडत होते. आई रात्रभर शेजारच्या वस्तीवर एका बाळंतिणीपाशी होती. ती आली, हातपाय धुऊन घरात गेली आणि लगेच दारात परत आली.

"कंचं मडकं?" बा म्हणाला.

"मुठीचं."

"नेलं की काल देवळात. तुझी वाट बघूस्तर मिस्सेच्या प्रार्थनेची येळ झाली. मंग मीच नेलं न् वतून आलो."

"वतलं?"

"मंग काय, भरलेलं घरी आनायचं व्हतं?"

आईनं दाराची चौकट धरली. तिचा चेहरा मी तोवर कधी तसा पाहिला नव्हता.

"त्यात लुसीची बोरमाळ व्हती," ती म्हणाली.

बाच्या हातातली चप्पल खाली पडली. तो उठला तो अनवाणीच देवळाच्या वाटेला लागला. वाटेत जो भेटेल त्याला सांगत गेला. आमच्या बाला कुठलीही गोष्ट पोटात ठेवता यायची नाही. मी आणि आई मागून धावत होतो तोवर अर्ध्या खडकेवाडीला बातमी पोचलीसुद्धा होती.

लुसिया म्हणजे मी, आणि ती बोरमाळ माझ्या आजीची. एक मणी चेपलेला होता, बाकी माळ लखलखीत. ईस्टर झाल्यावर मंगळवारी माझं लग्न होतं, पाटाखालच्या वस्तीवरच्या दानिएलशी. त्याची आई सलोमीबाई. तिनं सोयरीक ठरवताना एकच मागणं केलं होतं. भांडी नकोत, मानपान नको, सुनेच्या गळ्यात तेवढं सोनं हवं. साखरपुड्याला तिनं बोरमाळ हातात घेऊन बघितली होती आणि चेपलेल्या मण्यावरून अंगठा फिरवून "जुनं काम हाय," एवढंच म्हणाली होती.

आता लग्नघर म्हटलं की पाहुण्यांची ये-जा. सोनं कुठं ठेवायचं या काळजीनं आईला झोप लागेना. पेटीत ठेवावं तर चोर आधी पेटीच उघडतो. आढ्यात ठेवावं तर उंदीर. शेवटी तिनं माझ्या पहिल्या कम्युनियनच्या फ्रॉकचा एक तुकडा घेतला, त्यात बोरमाळ गुंडाळली आणि मुठीच्या मडक्यात तळाशी दडवली. त्या तुकड्यावर मी सिस्टरांच्या शिवणवर्गात लाल दोऱ्यानं गुलाब भरला होता. गुलाब काढायला गेले आणि कोबी झाला, असं सिस्टर म्हणाल्या होत्या, आणि ते खरं होतं.

मुठीचं मडकं आमच्या पॅरिशमध्ये घरोघर असतं. राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावून घरी आलं की एक मडकं धुऊन चुलीमागं ठेवायचं, तोंडाला फडकं बांधायचं. ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ संपेपर्यंत रोज दळण काढताना आधी एक मूठ त्या मडक्यात. घरात चार जणांपुरतं असो की दोघांपुरतं, मूठ आधी. त्यात डोकवायचं नाही, किती साठलं ते बघायचं नाही. पोर भुकेनं रडलं तरी त्या मडक्याला हात लावायचा नाही. म्हणूनच आईला ती जागा सगळ्यांत भरवशाची वाटली. देवाच्या मडक्यात हात कोण घालील? मडकं देवळात न्यायच्या आदल्या दिवशी, बुधवारी, काढून घेऊ असा तिचा विचार होता. बुधवारी पाहुणे आले, गुरुवारी ती बाळंतीण अडली.

पवित्र गुरुवारी ही मडकी देवळात न्यायची. वेदीमागच्या खोलीत पडदा लावलेला असतो. एकेकानं आत जायचं, मोठ्या कणगीत मडकं पालथं घालायचं आणि बाहेर यायचं. कुणी किती दिलं ते दुसऱ्याला दिसत नाही, आणि ओतणाऱ्यानंही खाली बघायचं नाही. बानं बघितलं नव्हतं. एरवी इकडेतिकडे बघितल्याशिवाय ज्याचं पान हलायचं नाही, त्या माणसानं नेमका त्याच दिवशी नियम पाळला.

आम्ही देवळाच्या आवारात पोचलो तेव्हा बा फादर तुस्कानोंसमोर उभा होता. फादर मूळचे वसईचे, बोलणं हळू आणि स्वच्छ. त्यांच्या शेजारी मार्कस मास्तर होते. मास्तर मुलांना धर्म शिकवायचे आणि त्यांची बैलगाडी होती.

"गोण्या पहाटेच गेल्या, शिमोनभाऊ," फादर म्हणाले.

"कुठं गेल्या?"

"ते तुम्हाला ठाऊक आहे. कुठं ते विचारायचं नसतं."

हे दुसरं अंग होतं त्या रिवाजाचं. गुरुवारी रात्री फादर आणि मास्तर दोघं मिळून कंदिलाच्या उजेडात घाईनं गोण्या भरत आणि शुक्रवारी उजाडायच्या आत मास्तर गाडी घेऊन निघत. ज्या घरात खरोखर नड असेल त्याच्या दारात गोणी उतरवायची आणि न थांबता पुढं जायचं. घेणाऱ्यानं गोणी आत घ्यायची. पण गुरुवारपासून देवळाची घंटा मुकी असते, ती ईस्टरच्या पहाटे वाजेपर्यंत गोणीचं तोंड सोडायचं नाही. कुणाकडे गोणी आली हे त्या दोघांखेरीज गावात कुणाला कळत नसे. त्या धान्याची भाकरी खाऊन लोक शेजाऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलू शकत होते.

"फादर, गोन्यांची तोंडं अजून बांधलेली हाईत," बा म्हणाला. "आत्ता गेलो तर माझी वस्तू मला मिळंल. कुनी चोर न्हाई, कुनी साव न्हाई. एकदा घंटा वाजली, तोंड सुटलं, की मंग संपलं. सोनं बघून देव आठवनारा मानूस मला दाखवा."

बाचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मला तर ते पटलंच होतं.

"मास्तर गुपचूप जाऊन येतील का?" आईनं विचारलं.

मास्तरांनी मान हलवली. "तासाभरापूर्वी गेलो असतो, वहिनी. आता बाहेर बघा."

आवाराच्या भिंतीवर माणसं बसली होती. पलीकडं पिंपळाखाली आणखी काही. बा ओरडत आला होता, त्याचंच हे फळ. आता मास्तरांची गाडी ज्या दारात थांबेल ते दार गावाला कळणार होतं.

फादर माझ्याकडे वळले.

"सोनं तुझं आहे, लुसिया. लग्नही तुझं आहे. तू म्हणालीस तर मी मास्तरांना पाठवीन. घरोघर गोण्या सोडायला सांगीन. उद्या संध्याकाळपर्यंत मला सांग."

"ती काय सांगनार, पोर हाय," बा म्हणाला.

"लग्न करण्याएवढी मोठी आहे ना?" फादर म्हणाले आणि आत गेले.

दुपारी टेकडीवर क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या शेवटच्या वाटचालीची प्रार्थना होती. ऊन रणरणत होतं. एकेका स्थानापाशी माणसं गुडघे टेकत होती आणि उठताना माझ्याकडे बघत होती. मला प्रार्थना सुचत नव्हती. माझ्या डोक्यात एकच हिशेब चालला होता, की मंगळवार येणार आणि माझा गळा मोकळा असणार. दानिएल पुरुषांच्या रांगेत पुढं होता. तो मला आवडला होता. साखरपुड्यात सगळे जेवायला बसल्यावर त्यानं माझ्या आईच्या हातातली पाण्याची घागर काढून घेतली होती आणि स्वतः पाणी वाढत फिरला होता. तेवढ्यावरून मी मनात त्याचं घर मांडून टाकलं होतं. आता तो मागं वळून बघतो का याकडे माझं लक्ष होतं. तो वळला नाही.

टेकडी उतरताना सलोमीबाईनं आईला गाठलं. ती विधवा होती, पण गावात तिच्याकडे बघून कुणाला कीव करायची छाती झाली नसती. खळ घातलेलं पांढरं लुगडं, ताठ मान आणि मोजकं बोलणं.

"विहीनबाई, कानावर काय काय येतंय."

"खरं हाय," आई म्हणाली. "माझीच चूक. मी ठिवलं, इसरले."

"आमच्या घरात मोकळ्या गळ्याची सून आली न्हाई आजवर. सासू न्हाई, मी न्हाई."

"न्हाई सापडली तर?"

सलोमीबाईनं टेकडीखाली बघितलं. आपल्या वस्तीकडे. "दानिएलचा चुलता आडमुठा हाय. तो म्हनला मोडा, तर मी एकटी बाई काय करनार? मंगळवारपत्तूर बघा."

ती निघून गेली. तिच्या लुगड्याची खळ चालताना वाजत होती. मला तिचा इतका राग आला की क्रुसाच्या वाटेवरून येताना असं मनात आणू नये ते सगळं मनात आलं. ही बाई माझा गळा बघते आणि मला बघत नाही, असं वाटलं. त्या रात्री मी ठरवून टाकलं. फादरना सांगायचं, पाठवा मास्तरांना.

पण शनिवारी सकाळी मी उठले तेव्हा बा काठी घेऊन तयार होता. अंगणातल्या लिंबाखाली त्याचे दोन चुलतभाऊ उभे होते.

"कुठं?" आईनं विचारलं.

"राहेलीच्या घरी. तिच्या दारात गाडीचा माग हाय. काल संध्याकाळी जाऊन बघून आलो."

राहेल म्हणजे वस्तीच्या टोकाला राहणारी बाई. नवरा दारूत गेला, पदरी दोन पोरी. तिच्याकडे गोणी जात असेल हे ओळखायला मास्तरांची गाडी कशाला हवी होती.

"काठी कशाला?"

"कुत्री असत्यात."

"तिच्याकडं कुत्रं न्हाई. तिला सोताला खायला न्हाई, कुत्रं कशाला पाळंल?"

"हे बघ," बा म्हणाला, "मी आळ घेत न्हाई कुनावर. गोनी सोडायची, बघायचं, पुन्हा बांधायची. तिथं न्हाई सापडली तर फुडच्या घरी. पोरीचं लगीन मोडायला लागलंय आन तुला राहेलीची पडलीय?"

त्यानं पाऊल उचललं. आई दारात आडवी उभी राहिली. आमची आई बाच्या शब्दाबाहेर जाणारी नव्हती. निदान मी तोवर तसंच धरून चालले होते.

"आधी बसा," ती म्हणाली.

"सरक."

"बसा म्हनते ना. एक सांगायचंय. मंग जावा कुठं जायचं तिथं."

तिच्या आवाजात काहीतरी होतं. बा बसला नाही, पण थांबला.

"बहात्तरच्या दुष्काळात तुमी नगरकडं खडी फोडायला गेला व्हता. आठवतंय?"

"त्याचं आता काय?"

"तुमी परत आला तवा घरात ज्वारी व्हती. तुमी इचारलं, कुठली? मी म्हनलं, माझ्या भावानं धाडली."

"मंग? धाडलीच व्हती. त्याचे उपकार मी इसरलो का कधी?"

हे खरं होतं. मामा आला की बा त्याला पहिलं ताट द्यायचा. जेवताना एकदा तरी म्हणायचा, दुष्काळात तू आमची चूल राखलीस. मामा बिचारा काही कळत नसल्यासारखा हसायचा आणि भाकरी मोडायचा. मला वाटायचं, मामाला किती संकोच.

"त्यानं धाडली न्हवती," आई म्हणाली. "त्याच्याच घरात तवा काय व्हतं? शुभ शुक्रवारी पहाटं दार उघडलं तर गोनी व्हती."

बा तिच्याकडे बघत राहिला.

"आपल्या दारात?"

"आपल्या दारात."

"आन तू घेतली?"

"घेतली. आन घंटा वाजूस्तर सोडली न्हाई. ही पोर," तिनं माझ्याकडे हात केला, "हिच्या अंगात रडायचं बळ ऱ्हायलं न्हवतं. नुसती बघायची. मी दोन दीस गोनीकडं बघत बसले, पन सोडली न्हाई. तुमाला सांगितलं असतं तर तुमी खांद्यावर टाकून देवळात परत नेली असती. नेली असती का न्हाई?"

बानं नेली असती, आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

"त्या दोन दिसांत," आई म्हणाली, "कुनी काठी घेऊन आलं असतं आन म्हनलं असतं, गोनी सोड, आमची वस्तू बघायचीय, तर मी काय केलं असतं? दिली असती सोडून. तोंड वर करून बोलले बी नसते. आन पुन्हा ह्या गावात पान्याला गेले नसते."

बाहेर चुलतभावांपैकी एकानं खोकून आपण उभे आहोत हे कळवलं.

मी सहा वर्षांची असेन तेव्हा. मला त्या दुष्काळातलं काहीच आठवत नव्हतं, फक्त एक गरम भाकरी आठवत होती, आणि आई ती फुंकत होती ते. ती भाकरी कुणाच्या तरी मुठीतली होती. ज्यांनी दिली त्यांनी माझ्याकडे बघितलं नव्हतं, म्हणून मी शाळेत गेले, शिवण शिकले, गावभर मान वर करून हिंडले. आणि रात्री मी ठरवलं होतं, पाठवा मास्तरांना.

"बा, नको," मी म्हणाले. "राहेलमावशीकडं बी नको आन कुनाकडंच नको. मी फादरना तसं सांगते."

"आन लगीन?"

"मोडलं तर मोडलं."

हे आज लिहायला सोपं आहे. तेव्हा दानिएल घागर घेऊन डोळ्यांसमोर उभा होता. मला ते लग्न हवं होतं. फार हवं होतं.

बानं अगदी हळू विचारलं, "गोनी कुनी दिली व्हती आपल्याला?"

"मला काय म्हाईत? सगळ्यांनीच. बघायचं नसतंय."

त्यानं काठी कोपऱ्यात ठेवली. अंगणात जाऊन भावांना म्हणाला, "जावा घरला." ते का म्हणून विचारत होते. गुरांच्या हौदाशी जाऊन तो तोंडावर पाणी मारत राहिला, कितीतरी वेळ. त्याचे खांदे हलत होते. आईनं मला आत ओढलं आणि दार लोटून घेतलं.

फादरकडे मी एकटीच गेले. ते देवळात मेणबत्त्या लावायची तयारी करत होते. मी म्हणाले, "मास्तरांना नका पाठवू." त्यांनी विचारलं, "बाबा काय म्हणतात?" मी म्हणाले, "तेही नकोच म्हणतात." फादरनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि पुन्हा कामाला लागले. मला वाटलं होतं ते काहीतरी मोठं बोलतील. नाही बोलले.

ईस्टरच्या पहाटे घंटा वाजली. तीन दिवस मुकी राहिलेली घंटा वाजली की आमच्याकडे बायका रडतात, आनंदानं. मी वेगळ्याच कारणानं रडले आणि कुणाला कळलं नाही. मिस्सेला दानिएल एकटा आला होता. सलोमीबाई आली नव्हती. ईस्टरला ती मिस्सा चुकवते म्हणजे तिला आमची तोंडं बघायची नाहीत, असा अर्थ आईनं काढला आणि मीही काढला.

दुपारी मामा जेवायला आला. बानं त्याला पहिलं ताट दिलं. सवयीनं म्हणायला तोंड उघडलं, मग आईकडे बघितलं आणि म्हणाला, "खा. पोटभर खा." मामा नेहमीसारखा हसला.

ताटं उचलत होतो तेवढ्यात फादर सायकलवरून आले. अंगणातच थांबले, खिशातून पांढरा रुमाल काढला आणि माझ्या हातात दिला. त्यात बोरमाळ होती. चेपलेला मणी जागच्या जागी होता.

"कुनी..." बा म्हणाला. मग त्यानंच हात वर केला. "नगं. नका सांगू."

"मी सांगणारही नव्हतो," फादर म्हणाले. आईनं त्यांना रस्स्याची वाटी दिली ती त्यांनी उभ्यानंच संपवली.

मंगळवारी माझं लग्न झालं. सलोमीबाईनं माझ्या गळ्यातली माळ नीट केली, चेपलेला मणी मागच्या बाजूला वळवला आणि चुलत्याकडे बघून म्हणाली, "जुनं काम हाय." चुलत्यानं मान डोलावली. तिचा हात थंडगार होता एवढं मला आठवतं.

नव्या घरात मी सासूला घाबरून होते. मोठं घर, ओळीनं कणग्या. पहिल्याच आठवड्यात दळण काढायला मी कणगीत हात घातला. वर चार बोटं ज्वारी होती आणि खाली नुसता भुसा. दुसऱ्या कणगीतही तेच. मी सासूकडे वळून बघितलं. ती दारात उभी होती.

"इहीर ढासळली दोन सालांमागं," ती म्हणाली. "मानसं येत्यात, कनग्यांकडं बघत्यात. म्हनून." एवढं बोलून ती गोठ्यात गेली. मी कुणाला सांगितलं नाही. माहेरीही नाही. गळ्यातल्या सोन्याचा हट्ट तिनं का धरला होता ते मला त्या दिवशी थोडं कळलं, आणि वाटलं की सगळंच कळलं.

मग वर्ष फिरलं. आम्ही तिघं राबलो, विहीर बांधली, कणग्यांतला भुसा हळूहळू बाहेर निघाला. राखेचा बुधवार आला. कपाळाला राख लावून आम्ही दोघी देवळातून घरी आलो. दानिएल शेतावर गेला होता. सासूनं मडकं धुतलं, पुसलं, चुलीमागं ठेवलं. मग आपली पेटी उघडली, तळाशी हात घालून एक फडकं काढलं आणि माझ्यासमोर तळहातावर पसरलं.

पांढऱ्या कापडावर लाल दोऱ्याचं ते फूल मी कुठंही ओळखलं असतं.

"वळखतीस का?" तिनं विचारलं.

मी मान डोलावली.

"कुनी भरलंय?"

"मी."

"गुलाब हाय का?"

"हाय."

"मला कोबी वाटला," ती म्हणाली.

मी हसले, आणि हसता हसता मला हुंदका आला. सासू हसली नाही. ती फडक्याकडे बघत बोलत होती.

"शनवारी वस्तीवर बाया बोलत व्हत्या. शिमोन काठी घेऊन घरोघर गोन्या बघत फिरनार. मी दाराला कडी लावली आन गोनीवर बसले. आत काय हाय ते मला कुठं ठावं? आदल्या दिशी तुझ्या आईला गळ्यावरून बोलले व्हते. आता तिचाच नवरा येनार न् मला गोनीवरून उठीवनार. खळीचं लुगडं नेसून बसले व्हते. म्हनलं, उठवायचीच तर अशी उठवा." ती थांबली. "दीस बुडला. कुनी आलं न्हाई. मंग सांजच्याला कळलं, पोरीनं नगं म्हनलं."

"मला ठावं न्हवतं, आत्याबाई."

"तेच तर. ठावं नसताना म्हनलीस." तिनं डोळे पुसले नाहीत. ते वाहत होते तसे वाहू दिले. "घंटा वाजल्यावर सोडली गोनी. तुझी माळ हाताला लागली. तसंच फादरकडं गेले, मागच्या दारानं. माळ दिली. फडकं दिलं न्हाई. का न्हाई दिलं, मला बी सांगता यायचं न्हाई."

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "मूठ टाक. दळनाला उशीर व्हतोय."

मी ज्वारीची मूठ भरली आणि मडक्यात सोडली. तिनं मागून आपली मूठ सोडली. मग फडकं उलटं केलं, फुलाची बाजू आत घेतली आणि मडक्याचं तोंड बांधलं.

त्यानंतर ती पंचवीस वर्षं जगली. या गोष्टीवर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. दरवर्षी राखेच्या बुधवारी ती तेच फडकं काढायची, फुलाची बाजू आत घ्यायची. ती गेली, बा गेला, आई गेली. फादर तुस्कानो वसईला परत गेले आणि तिकडेच वारले. आता ते फडकं मी बांधते. कापड विरलंय, पण दोरा पक्का होता, फूल तसंच आहे.

यंदा माझी सून पुण्याहून आली होती. मी फडकं बांधत होते तेव्हा तिची नजर आतल्या बाजूवर गेली.

"आई, हे काय हो काढलंय?" तिनं विचारलं.

"कोबी," मी म्हणाले, आणि गाठ मारली.